सीनूला दिसावं म्हणून

अण्णा गेल्याची बातमी मला आमच्या दुकानाच्या भाड्याच्या सीटीओनं, म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या मेधानं दिली. घरच्या कुणी नाही, डॉक्टरांनीही नाही. मंगळवारची सकाळ होती. दावणगेरेहून आलेल्या एक बाई आंब्याच्या रंगाच्या साडीला जुळणारं परकराचं कापड मागत होत्या. मी त्यांना पटवत होतो, की ही छटा आम्ही फक्त राजघराण्यासाठी रंगवून घ्यायचो, तुमचं नशीब थोर म्हणून अर्धा तागा उरलाय. तेवढ्यात मेधाचा फोन आला. मंगळवार हा तिचा आमच्या दुकानात यायचा दिवस, आणि ती अजून आली नव्हती. "रंगाकाका…" म्हणाली आणि थांबली. माझं डोकं आंब्याच्या रंगात. मी विचारलं, "काय गं, सर्व्हर पडला का?" ती म्हणाली, "नाही काका. सर्व्हर चालू आहे… अण्णा गेले." माझ्या तोंडाकडे बघून त्या बाईंनी हातातला तागा हळूच खाली ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, आज नको, मागाहून नेईन. आजवर माझ्या तावडीतून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं सुटलेलं नाही. त्या बाई सुटल्या.

अण्णा म्हणजे नागेशराव, माझे थोरले चुलतभाऊ. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. कुठल्याशा सरदाराच्या फौजेमागून आमचा मूळ पुरुष इथे आला, असं घरात सांगतात. अण्णांच्या मते तो तलवार घेऊन आला, माझ्या मते सुईदोरा घेऊन. कारण फौजेतल्या घोड्यांनाही झुली लागतात, आणि आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाचं काही कापलं असेल तर ते कापडच. चिकपेटच्या एका गल्लीत आमचं घाऊक दुकान आहे. अस्तर, फॉल आणि परकराचं कापड. साडीचं जे लोकांना दिसतं ते इतरांनी विकावं, जे झाकलेलं असतं ते आम्ही. पलीकडे बोम्मसंद्र्याला परकर शिवायचं छोटं युनिटही आहे. या सगळ्या पसाऱ्याची पूर्वी एकच व्यवस्था होती, ती म्हणजे अण्णांचा आवाज. कुठल्या माळ्यावर कुठल्या फळीवर कुठला रंग आहे हे फक्त त्यांना ठाऊक, आणि ते गादीवर बसल्या जागेवरून ओरडून सांगत. एकदा त्यांनी "मोरपंखी" म्हणून हाक दिली, तर शेजारच्या तीन दुकानांतली पोरं मोरपंखी तागे खांद्यावर टाकून धावत आली. मेट्रोचं भुयार खणत होते तेव्हा खालून एक इंजिनियर धापा टाकत वर आला होता, वर कुठलं यंत्र चालू आहे ते बघायला. हे मी कुठेही शपथेवर सांगीन. अण्णा असते तर त्यांनी तितक्याच शपथेवर ते खोटं ठरवलं असतं, आणि मग संध्याकाळी हीच गोष्ट, इंजिनियरच्या जागी दोन इंजिनियर घालून, दुसऱ्याला सांगितली असती.

अशा या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. सीनूनं परत यावं. श्रीनिवास, त्यांचा एकुलता एक मुलगा. सगळा देश कॉम्प्युटरसाठी बेंगळूरला येतो आणि आमचा सीनू कॉम्प्युटरसाठी बेंगळूर सोडून कॅनडाला गेला. वहिनी गेल्या तेव्हा तो आला होता. दिवसवार झाले, निघायची वेळ आली, बॅगा टॅक्सीत चढल्या आणि अण्णांनी, इतकी वर्षं जे विचारायचं टाळलं होतं ते दाराच्या पायरीवर विचारलं. "इथेच राहिलास तर?" सीनू काही वाईट मुलगा नाही. तो गडबडला. म्हणाला, "अण्णा, मी इथे करू काय? दुकानात काही सिस्टिमच नाही. सगळं तुमच्या डोक्यात. सिस्टिम असती तर गोष्ट वेगळी." टॅक्सीत बसता बसता बोललेलं वाक्य. बोलणारा विमानतळ येईपर्यंत विसरलाही असेल. ऐकणाऱ्यानं मात्र ते वचन म्हणून घरात नेलं आणि वहिनींच्या फोटोला सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात मला बोलावणं. "रंग्या, सिस्टिम करणारा माणूस शोध. मोठा पाहिजे. सीनूच्या तोडीचा." आता असा माणूस परकराच्या दुकानात नोकरीला कशाला येतोय. आमच्या सीएंनी तोड काढली. म्हणाले, हल्ली मोठमोठे तंत्रज्ञान प्रमुख बाहेरून नेमता येतात, ते चार-पाच कंपन्या सांभाळतात, एकेकीला आठवड्यातला एक दिवस देतात. मी भीत भीत अण्णांना सांगितलं. "म्हणजे पाव माणूस?" म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात फिरवत बराच विचार केला. "आपले उपाध्ये काय वेगळं करतात? सकाळी एकाकडे सत्यनारायण, दुपारी दुसऱ्याकडे बारसं. म्हणून ते आपले नाहीत काय?" झालं. बेंगळुरात रोज शेकडो सीटीओ नेमले जात असतील, पण उपाध्यांच्या धर्तीवर नेमलेला आमचाच पहिला.

मुलाखती गादीवर झाल्या. बाहेर जोडे काढायचे, मांडी घालून बसायचं, उप्पिट आणि कॉफी घ्यायची, आणि मग बोलायचं. जे आले त्यांतल्या निम्म्यांना मांडी घालता येईना. एकजण लोडाला टेकला तो हळूहळू घसरत आडवाच झाला आणि आडव्यानंच त्यानं आम्हाला पुढच्या पाच वर्षांचं चित्र दाखवलं. अण्णा सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत. "आई-वडील कुठे असतात?" कुणाचे रायपूरला, कुणाचे कानपूरला, कुणाचे "दे आर वेल सेटल्ड, सर." अण्णा कन्नडमध्ये ठीक म्हणत, "सरी. उप्पिट घ्या अजून." म्हणजे तो गेला. मी वैतागलो. "अण्णा, कामाचं काहीतरी विचारा की." "कामाचंच विचारतोय," म्हणाले.

मग मेधा आली. मूळची पुण्याची, चाळिशी ओलांडलेली, जे. पी. नगरला राहणारी. दातांचे दवाखाने, एक कॉफीची कंपनी आणि आणखी कोण कोण तिच्या इतर दिवसांचे धनी. मांडी अशी घातली की जणू जन्मभर गादीवर बसून अस्तर विकलंय. अण्णांनी प्रश्न टाकला. ती म्हणाली, "बाबा नाहीत. आई माझ्याकडे असते. रोज भांडण."

"कशावरून?"

"आज आमटीवरून. तिच्या मते मी गूळ कमी घालते."

"आणि तुझ्या मते?"

"माझ्या मते ती आमटीत गूळ घालत नाही, गुळात आमटी घालते. पण खावी लागतेच."

अण्णा माझ्याकडे वळले. "रंग्या, हिला दुसरी कॉफी सांग." एवढ्यावर नेमणूक. ती काय शिकली, तिनं कुठे काम केलं, ते कागद अण्णांनी उघडलेही नाहीत. मला नंतर म्हणाले, "जी आईशी रोज भांडते तिलाच माझं काम कळेल." गंमत बघा, ते काम काय आहे हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही. आमच्याकडे उपाध्यांना कुणी सांगतं का, की शांत कशासाठी करतोय? ते घर बघून ओळखतात. अण्णांनी मेधाला एवढंच सांगितलं, "मुलगा कॅनडात आहे. त्याला आवडेल असं कर." त्यांना वाटलं, यात सगळं आलं. मेधानं ते कामाची माणसं ऐकतात तसं ऐकलं. मुलगा कॅनडात आहे, म्हणजे सगळं कॅनडातून दिसलं पाहिजे.

आणि तिनं ते केलं. मी आयुष्यभर लोकांच्या कामगिऱ्या फुगवून सांगत आलोय, पण मेधाचं काम फुगवायला जागाच नाही. ती माळ्यावर चढली, धुळीनं पांढरी होऊन उतरली, प्रत्येक ताग्याला चिठ्ठी लागली, गिऱ्हाइकं फोनवरून मागणी नोंदवू लागली, बोम्मसंद्र्यात शिवलेला परकर गाडीत चढायच्या आत चिकपेटच्या पडद्यावर दिसू लागला. सिस्टिम सुरू करायच्या दिवशी अण्णांनी मुहूर्त काढून नारळ फोडला, पाणी नेमकं चिठ्ठ्या वाचायच्या यंत्रावर उडालं आणि पहिला दिवस यंत्र वाळवण्यात गेला. मेधा म्हणाली, "अण्णा, दुसरीकडे मी जुनी सिस्टिम बंद केली की ती गप्प पडून राहते. इथली गादीवर बसून कॉफी मागते." अण्णा खूश. पण खरं सांगतो, दुकानातला आवाज गेला. कुणाला काही विचारायला लागेना, आणि अण्णांना काही सांगायला लागेना. इतकं शांत झालं की शेजारच्या दुकानदारानं येऊन चौकशी केली, कुणी आजारी आहे काय. एकदा दुपारी अण्णा उगाच "मोरपंखी" म्हणून ओरडले. पोरानं पडद्यावर बघून सांगितलं, "दुसरा माळा, अण्णा, डावीकडे." अण्णा म्हणाले, "ठाऊक आहे रे."

मग सीनूचा फोन आला तो मंगळवार. मुद्दाम सगळ्यांना ऐकू जावा म्हणून अण्णांनी फोन गादीच्या मधोमध ठेवलेला. मेधा समोर बसलेली, माझ्या हातात मैसूरपाकाचा पुडा, कारण अण्णांची खात्री होती की आज तारीख कळणार. पलीकडून सीनूचा आवाज इतका आनंदी, की माझाही ऊर भरून आला. "अण्णा, काय काम झालंय हो. इथून सगळं दिसतं. मी ऑफिसच्या ब्रेकमध्ये पाच मिनिटांत अख्खं दुकान बघून टाकतो." अण्णा माझ्याकडे बघून हसले आणि फोनवर वाकले. "मग? कधी येतोस?" सीनू म्हणाला, "यायची गरजच नाही राहिली आता. हेच तर मोठं आहे. आता तुम्हीपण आराम करा, अण्णा. तुमच्याशिवायही चालेल असं झालंय सगळं…" अण्णा म्हणाले, "सरी." परत म्हणाले, "सरी, सरी." फोन बंद झाला. मेधानं माझ्या हातातल्या पुड्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि त्या क्षणी तिला आपलं काम काय होतं ते कळलं. सगळं करून झाल्यावर.

पुढच्या मंगळवारी अण्णा तिला हळू आवाजात म्हणाले. अण्णा आणि हळू आवाज, मी आधी ऐकलाच नव्हता. "मेधा, एक विचारू? स्वल्प बिघडव ना."

"काय बिघडवू?"

"सिस्टिम. फार नाही गं. थोडी. त्याला तिथून नीट करता येऊ नये, एवढी. यावंच लागेल, एवढी."

मी हसलो. मेधा हसली नाही. म्हणाली, "अण्णा, मला ते येतं. पण तो येणार नाही. तो तिथून मलाच फोन करेल, आणि मी ती नीट करीन. त्याच कामाला आहे ना मी." अण्णांनी मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांनी मुंबईच्या, सुरतेच्या, इरोडच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस केली, पण या उत्तरावर त्यांना घासाघीस सुचली नाही. मग म्हणाले, "बरं, निदान मी दिसेन असं कर. आकडे दिसतात, तागे दिसतात. मी कुठे दिसतो?"

म्हणून कॅमेरा आला. भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, बरोबर गादीवर रोखलेला. सीनू ज्या पानावर आकडे बघायचा त्याच पानाच्या कोपऱ्यात एक छोटंसं चौकोनी चित्र, त्यावर बोट ठेवलं की गादी मोठी होऊन समोर. मेधा म्हणाली, मी त्याला सांगते कसं उघडायचं ते. अण्णांनी साफ नकार दिला. "सांगितल्यावर बघायला तो काय गिऱ्हाईक आहे? त्याला आपणहून दिसू दे." मीही सांगायचं नाही, अशी तंबी. तिकडे सीनूची झोपायची वेळ झाली की इकडे आमची दुकान उघडायची वेळ, हे अण्णांनी पक्कं डोक्यात ठेवलं. झोपायच्या आधी पोरगं एकदा बघेल. मग जो माणूस वहिनी जिवंत असताना नुसत्या बंडीवर दुकानात यायचा, तो इस्त्रीचा सदरा घालू लागला. न्हाव्याकडे दर पंधरवड्याला. गादीवर लोड एका बाजूला, हात मांडीवर, मान कॅमेऱ्याकडे थोडी वळलेली. मी म्हणायचो, "अण्णा, वर्तमानपत्रात फोटो येणार असल्यासारखे बसताय." म्हणायचे, "तू मध्ये येऊ नकोस. तुझं पोट येतं सगळीकडे."

खोकला तेव्हाच सुरू झाला होता. आमच्या धंद्यात कापडाची बारीक धूळ सगळ्यांच्याच नाकात जाते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण अण्णांना उबळ आली की ते गादीवरून उठत, गठ्ठ्यांच्या मागे जाऊन खोकत, डोळे पुसत, सदरा सारखा करत, आणि परत येऊन होते तसेच बसत. त्याला तिकडे काळजी नको. महिन्यामागून महिने गठ्ठ्यांमागचा तो खोकला वाढत गेला आणि गादीवरचा माणूस मात्र चित्रातल्यासारखा ताठ. एका मंगळवारी मेधानं मला बाहेर कॉफीला नेलं आणि म्हणाली, "काका, कॅमेरा कुणीच उघडत नाही. मला दिसतं ते. लावल्यापासून एकदाही नाही." मी म्हटलं, सीनूला सांगू या. ती म्हणाली, अण्णांना विचारल्याशिवाय कसं सांगायचं? आणि अण्णांना विचारायचं म्हणजे, तो बघत नाही, हे त्यांना सांगायचं. आम्ही दोघं, एक बोलून पोट भरणारा आणि एक जगाला सल्ले देणारी, कॉफी गार होईपर्यंत तसेच उभे.

अण्णांनी तिला एकदा विचारलंच. "तो बघतो ना गं?" मेधा पडद्यावरून मान वर न करता म्हणाली, "सिस्टिम चालू आहे, अण्णा." अण्णा म्हणाले, "मी सिस्टिमचं नाही विचारलं." ती आकडे खाली सरकवत राहिली. त्यांनी परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा होताच.

फुप्फुसं पार गेली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अण्णांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांनी पहिलं वचन माझ्याकडून घेतलं ते सीनूला कळवायचं नाही याचं. दुसरं गादीचं. "मी नसलो तरी रोज सकाळी गादी झटक. लोड नीट लाव. त्याला वाटू दे, अण्णा आत्ताच उठून आत गेलेत." तो महिनाभर दुकान कधी नव्हे इतकं चाललं. लग्नसराई होती. मागण्या येत होत्या, तागे निघत होते, बोम्मसंद्र्याहून गाड्या येत होत्या, आणि मेधाच्या पानावरचे सगळे आकडे हिरवे. मी ते बघायचो आणि पान बंद करायचो. इतकी वर्षं या माणसाच्या छातीतून निघालेल्या आवाजावर जे दुकान चाललं, त्याच्या छातीत वारा उरला नाही तरी आकड्यात एक टिंबसुद्धा हललं नाही. अण्णा विचारायचे, "कसं चाललंय?" मी जन्माचा थापाड्या. नुकसान होतंय, तुमच्याविना सगळं अडलंय, असं सांगायला हवं होतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. मी ते सांगितलंही. दुसऱ्या माळ्यावर उंदीर शिरले, पोरांनी मोरपंखीच्या जागी हिरवं पाठवलं, चित्रदुर्गचं गिऱ्हाईक रागावून गेलं. अण्णा नळीतून श्वास घेत ऐकत राहिले. मग म्हणाले, "रंग्या, मेधानं मला फोनवर पान दाखवलंय. हिरवं आहे."

शेवटी मेधानंच आमचं वचन बाजूला ठेवलं आणि सीनूला फोन केला. तो मिळेल त्या विमानानं निघाला. अण्णा गेले तेव्हा तो आकाशात कुठेतरी होता. मेधा दुकानात येण्याआधी दवाखान्यात डोकावली होती, म्हणून तिला आधी कळलं, एवढंच.

तेरावा झाल्यावर सीनू दुकानात आला. जोडे काढून गादीसमोर उभा राहिला, बसला मात्र नाही. म्हणाला, "काका, मी रोज बघत होतो हो. एक दिवस चुकवला नाही. सगळं इतकं छान चाललं होतं… मला वाटायचं, दुकान छान चाललंय म्हणजे अण्णा छान आहेत." मला राग यायला हवा होता. इतके दिवस मी तो साठवून ठेवला होता. पण त्याच्या तोंडाकडे बघून मी फक्त एवढंच विचारलं, "आणि कॅमेरा?"

"कुठला कॅमेरा?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यानं खिशातून फोन काढला, ते पान उघडलं, कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनाकडे बघितलं. "हा? मला वाटलं हा चोरांसाठी आहे." त्यानं त्यावर बोट ठेवलं. फोनच्या पडद्यावर गादी आली, आणि गादीसमोर पाठमोरा उभा असलेला तो स्वतः.

मंगळवार होता, मेधा तिथेच होती. तिनं त्याला सगळं सांगितलं. सदरा, न्हावी, गठ्ठ्यांमागचा खोकला, सगळं. तो ऐकत होता आणि मागे मागे जाऊन जुनं काही मिळतंय का ते शोधत होता. ती म्हणाली, "महिनाभराचंच राहतं. मागचं आपोआप पुसलं जातं. जास्त ठेवू या का म्हणून मी अण्णांना विचारलं होतं. म्हणाले, कशाला? मी रोज नवा बसतोच आहे की." सीनूनं तरीही जेवढं होतं तेवढं उघडलं. तो महिना म्हणजे अण्णांचे दवाखान्यातले शेवटचे दिवस आणि नंतरचे हे तेरा. सकाळ, रिकामी गादी. दुपार, रिकामी गादी. गिऱ्हाइकांच्या सावल्या तिच्यावरून जातात, दिवा लागतो, दिवा विझतो. तो एकेक दिवस सरकवत राहिला, जणू कुठल्यातरी एका दिवशी चुकून अण्णा बसलेले सापडतील. मी म्हटलं, "पुरे, सीनू." त्यानं ऐकलं नाही.

मग तो थांबला. "काका, हे तुम्ही रोज काय करता?"

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक पोट सुटलेला म्हातारा येतो. वाकून गादी झटकतो. लोड उभा करतो, परत जरा तिरका करतो, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा. मग कॅमेऱ्याकडे वर बघतो आणि हसून मान डोलावतो. सगळं ठीक आहे, इथेच आहेत अण्णा, असं कुणाला तरी सांगितल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आयुष्यात मी हजारो थापा मारल्या, त्यांतली प्रत्येक कुणी ना कुणी ऐकली होती; ही पहिलीच, जी कुणी बघितली नव्हती. मी सीनूला म्हणालो, "तू बघत असशील म्हणून…"

तो परत गेला. दाराच्या पायरीवर मी त्याला काही विचारलं नाही. मेधा अजून मंगळवारी येते. आकडे हिरवेच आहेत. कॅमेरा काढायचा का, असं तिनं मला एकदा विचारलं, मी राहू दे म्हटलं. गादी अजून रोज सकाळी झटकतो, लोडही लावतो. वर मात्र बघत नाही.